अंगणवाडी, ॲप आणि चेहऱ्याची ओळख : बालशिक्षणातील यंत्रे आणि स्त्रियांचे काम

शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता आली की नीतीचे प्रश्न ठरलेले असतात. मुलाची माहिती कोणाच्या परवानगीने घेतली? ती कोणत्या भाषेत मागितली? यंत्र चुकले तर त्याचा भुर्दंड कोणाला? आणि यंत्र सांभाळण्यात शिकवण्याचा किती वेळ गेला? विद्यापीठांत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत या प्रश्नांची चर्चा गेल्या दहाएक वर्षांत वाढली. महाराष्ट्रात हेच प्रश्न हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन विचारले ते अंगणवाडी सेविकांनी. त्यांच्या निवेदनांत ‘नीती’ हा शब्द क्वचितच येतो. त्यांत मोबाइल तापतो, भाषा समजत नाही, वेळ पुरत नाही, असे लिहिलेले असते. म्हणूनच बहुधा या कामाची नोंद नीतिविचाराच्या इतिहासात होत नाही, कामगार चळवळीच्या बातम्यांत होते.

हा इतिहास चोपडा तालुक्यासारख्या ठिकाणाहून पाहिला की त्यातले ताण लवकर दिसतात. चोपडा हा जळगाव जिल्ह्याच्या वायव्येचा, तापीच्या उत्तरेकडचा तालुका. नदीकाठची काळी जमीन कापसाची आणि केळीची. उत्तरेला सातपुडा आणि डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. सपाटीवर मराठीच्या जोडीला अहिराणी आणि गुजर समाजाची बोली, तर डोंगराकडे पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्या. जॉर्ज ग्रिअर्सनने भारताच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी बोली मराठीच्या खंडात घेतली नाही, भिल्ली भाषांबरोबर घातली. तो खंड १९०७ चा. जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये झाले होते. पुढे प्रमाण मराठीच्या शाळा सगळीकडे झाल्या, पण घरची बोली बदलली नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषागटाचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले, तर भिल्ली गटाचे एक कोटी चार लाखांवर. दोन्ही गट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहेत.

अशा तालुक्यात तीन वर्षांचे मूल घरातून एक बोली घेऊन बाहेर पडते आणि शाळेत दुसरीच भाषा ऐकते. या दोहोंमधला पहिला माणूस म्हणजे अंगणवाडीची सेविका. तिची नेमणूक स्थानिक असते आणि मुलाची आई तिच्या ओळखीची असते. कोणती गोष्ट विचारावी, कोणती विचारू नये, हे तिला कोणत्याही प्रशिक्षणाआधी माहीत असते. माहिती गोळा करणाऱ्या यंत्रणेला नेमकी हीच जाण लागते, आणि तिचा मोबदला कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो.

मराठी मुलखात शिक्षणातल्या स्त्रियांच्या कामाची दखल घेण्याची रीत आरंभापासूनच तिरकी राहिली. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे प्रत्यक्ष शिकवण्याचे काम सावित्रीबाई फुले यांनी केले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन सत्कार झाला तो जोतीराव फुले यांचा. जोतीरावांचा वाटा निःसंशय मोठा होता. पण वर्गात उभी राहणारी बाई सरकारी समारंभाच्या केंद्रस्थानी नव्हती, हेही तितकेच खरे. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले २०१४ मध्ये. मधल्या काळात १६२ वर्षे गेली होती.

१८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकण्याचा अधिकार कोणाला नाकारला गेला, हा प्रश्न त्यात शिकणाऱ्या मुलीनेच मांडला होता. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी प्रशिक्षित स्त्री शिक्षक हव्यात आणि शाळा तपासायलाही स्त्रिया हव्यात, ही त्यांची मागणी होती. मागणीचा दुसरा भाग आजच्या चर्चेला अधिक जवळचा आहे. शिकवण्याच्या व्यवस्थेत स्त्रिया असणे वेगळे आणि त्या व्यवस्थेची तपासणी स्त्रियांच्या हाती असणे वेगळे. ॲप आणि अल्गोरिदम यांच्या बाबतीत पहिले झाले आहे, दुसरे अजून व्हायचे आहे.

बालशिक्षणाची पद्धत मात्र स्त्रियांनी स्वतःच घडवली, आणि तीही कागदावर नव्हे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसोरी पद्धत शहरी आणि खर्चीक साधनांची होती. ती खेड्यात नेण्यासाठी ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला केंद्र काढले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरे राखायला जात, तर शाळा कुरणात भरली. साधने म्हणून बिया, शिंपले, पाने, माती वापरली. मूल जिथे आहे तिथून, त्याच्या बोलीतून आणि त्याच्या हातातल्या वस्तूंतून सुरुवात करायची, ही कोसबाडची रीत होती. आज शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी जे संकेत लिहिले जातात त्यांतला मोठा भाग या रीतीत आधीच आलेला आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. बालशिक्षणातल्या स्त्रियांच्या कामाला हयातीत मिळालेल्या मोठ्या मान्यतेची ही विरळ उदाहरणे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पसरू लागली. कोसबाडची कल्पना सरकारी झाली, पण कोसबाडच्या शिक्षिकेचा दर्जा अंगणवाडीच्या सेविकेला मिळाला नाही. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सहा कामे सेविकेवर आली आणि तिला मानसेवी ठरवण्यात आले. म्हणजे तिला पगार नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमीरबी खटल्यात अंगणवाडी कर्मचारी शासकीय पद धारण करत नाहीत, असे म्हटले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकांचे मानधन महिना ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये झाले. यंत्रासाठी देशातल्या कोट्यवधी मुलांची आणि मातांची माहिती गोळा करणारे मनुष्यबळ या दर्जाचे आणि मानधनावरचे आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

खानदेशात स्त्रीच्या कर्तृत्वाची दखल मुख्यतः नावांतून घेतली गेली. बोदवड तालुक्यातील नाडगावच्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, राज्यात मंत्री राहिल्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. त्यांनी उभ्या केलेल्या श्रमसाधना ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय जळगावजवळ बांभोरीला १९८३ पासून चालते. चोपड्यात शरच्चंद्रिका पाटील यांनी तालुक्याचे विधानसभेत प्रतिनिधित्व केले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात शिक्षण खात्याचे कामही पाहिले. महात्मा गांधी शिक्षण मंडळाच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.  तालुक्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्या १९९० च्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले.

बहिणाबाईंचे उदाहरण इथे नुसत्या नावापुरते नाही. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओळी मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. घरातल्या कोणी लिहून घेतले नसते, तर तावडी वळणाची ती बोली आणि तिच्यातले शहाणपण छापील मराठीत आलेच नसते. आजची भाषायंत्रे लिखित मजकुरावर शिकतात. ज्या बोलीत लिखाण थोडे ती त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. अहिराणी, पावरी, तडवी बोलणाऱ्या बायांच्या रोजच्या बोलण्याचे हेच होते. ही उणीव तांत्रिक म्हणून सांगितली जाते, पण कोणाचे बोलणे लिहून ठेवण्याजोगे मानले गेले, हा तिच्यामागचा इतिहास आहे.

अंगणवाडीत यंत्र आले ते पोषण अभियानाबरोबर. अभियानाची सुरुवात ८ मार्च २०१८ रोजी झाली. सेविकांना मोबाइल मिळाले, नोंदवह्यांची जागा ॲपने घ्यायची असे ठरले. मार्च २०२१ मध्ये जुने सॉफ्टवेअर बाजूला ठेवून ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचे ॲप आले. मुलांची वजन-उंची, हजेरी, आहारवाटप, गरोदर आणि स्तनदा मातांची माहिती असे सगळे त्यात भरायचे. सुरुवातीला ते इंग्रजीत होते. महाराष्ट्रातल्या सेविकांची शैक्षणिक अट मराठी शाळेतल्या शिक्षणावर बेतलेली, आणि अनेकींचे शिक्षण दहावीच्या आतले. मोबाइलही जुने झालेले होते. साठवण कमी, तापणे, बंद पडणे आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ‘मोबाइल वापसी’ आंदोलन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी बालविकास प्रकल्प कार्यालयांत जाऊन सरकारी मोबाइल परत केले. ॲप मराठीत द्या, चालणारा मोबाइल द्या, या मागण्या होत्या. त्यांच्या संघटनांनी मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली. वरवर पाहता ही साधनांची तक्रार होती. पण ‘ज्या भाषेत मला कळत नाही त्या भाषेत मी दुसऱ्याच्या मुलाची माहिती भरणार नाही’ हा त्या कृतीचा अर्थ होतो, आणि माहितीच्या नीतीत याहून मूलभूत तत्त्व सापडणे कठीण. चुकीच्या खान्यात पडलेले वजन म्हणजे कुपोषित मूल धडधाकट दिसणे किंवा उलट. त्या नोंदीवर आहार ठरतो. हे धोके सेविकांना सिद्धांत म्हणून माहीत नव्हते, पण गावात त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागे.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस पुन्हा संपावर गेल्या. तो पन्नास दिवसांहून अधिक चालला. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन हे त्यातले मुख्य मुद्दे होते. त्याच महिन्याच्या आसपास राज्यातल्या शाळांत विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवरून नोंदवण्याची पद्धत सुरू करण्यात आली. म्हणजे जे अंगणवाडीत आधी घडले ते पुढे प्राथमिक शाळेच्या शिक्षकापर्यंत पोहोचले.

पुढची पायरी चेहरा ओळखण्याची. घरी नेण्याचा आहार, ज्याला सेविका टीएचआर म्हणतात, तो घेणाऱ्या मातेचा चेहरा आधी आधारशी पडताळायचा आणि वाटपाच्या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पुन्हा जुळवायचा, अशी व्यवस्था पोषण ट्रॅकरमध्ये आली. १ जुलै २०२५ पासून ती बंधनकारक झाली. खोट्या नोंदी थांबाव्यात हा उद्देश सांगितला गेला. गळती होत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याजवळ, नवरा कामावर, ओटीपी त्याच्याकडे, अशा घरात पडताळणी अडते. रेंज नसली की अडते. आणि अडली की दारात उभ्या बाईला उत्तर द्यायचे ते सेविकेने. अनेक राज्यांतल्या सेविकांनी या गोष्टी सांगितल्या आहेत. सातपुड्याच्या उतारावर, जिथे हंगामात कुटुंबे ऊसतोडीला आणि कामाला बाहेर जातात, तिथे तर चेहरा जुळवायला माणूसच गावात नसतो.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांची चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे जगापुढे ठोसपणे मांडले तेही दोन स्त्रियांनी. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांच्या पुढे गेली नाही, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. या अभ्यासानंतर मोठ्या कंपन्यांना प्रणाली सुधाराव्या लागल्या. मोठ्या भाषायंत्रांच्या धोक्यांविषयीचा निबंध लिहिणाऱ्या गेब्रू यांचे गूगलमधले काम २०२० च्या डिसेंबरात संपले. आपल्याला काढले गेले, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न विचारणारीची दखल घेण्याची ही एक आधुनिक तऱ्हा.

शिक्षणाच्या क्षेत्रात लंडनच्या रोझ लकिन यांचे नाव आधी येते. २०१८ मध्ये शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह संस्था काढली. तिचा आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र विकत घेण्याआधी शाळेने विक्रेत्याला काय विचारावे, हे त्यात सांगितले आहे. मधल्या काळात इंग्लंडमध्येच २०२० च्या ऑगस्टमध्ये परीक्षा रद्द झाल्यावर सूत्राने गुण ठरवण्याचा प्रयोग फसला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेण्या सूत्राने सुमारे चाळीस टक्के ठिकाणी खाली आणल्या, मुले रस्त्यावर उतरली आणि काही दिवसांतच शिक्षकांच्या श्रेण्या परत लागू झाल्या. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी शिफारस स्वीकारली. तिच्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पुढच्या वर्षी या विषयात काम करणाऱ्या स्त्रियांचे व्यासपीठही युनेस्कोने उभे केले. तिथे संशोधक, उद्योजक, धोरणकर्त्या आहेत.

मराठीपुरते पाहता आमलेचा अभ्यास महत्त्वाचा आहे. पालघर जिल्ह्यातील आमले हे आदिवासी गाव, मुंबईतल्या झोपडवस्त्या आणि आयआयटी मुंबईचे विद्यार्थी अशा तीन गटांकडून मराठी वाक्ये मोबाइलवर वाचून घेण्यात आली. ३६ जणांनी शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण दिले आणि त्यासाठी त्यांना पैसे मिळाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कालिका बाली, सुनयना सीताराम, प्रीती ज्योती आणि दिव्या सिद्धार्थ या संशोधिका सहकाऱ्यांसह होत्या. कमी उत्पन्नाच्या लोकांनी दिलेल्या ध्वनीचा दर्जा विद्यार्थ्यांच्या ध्वनीच्या तोडीचा होता, असे त्यात आढळले. माहिती देणारा हा कामगार आहे आणि त्याला मोबदला द्यायला हवा, ही गोष्ट इथे प्रयोगाच्या रचनेतच होती. अंगणवाडीच्या ॲपमध्ये ती नव्हती. कोसबाड आणि आमले एकाच जिल्ह्यात आहेत. हा योगायोग असला तरी दोन्हीकडे सुरुवात माणसाच्या बोलण्यापासून झाली.

बोलीभाषांच्या बाजूने सरकारी हालचाल उशिरा झाली. २०२२ मध्ये आलेली ‘भाषिणी’ ही केंद्राची भाषांतर-यंत्रणा अनुसूचीतल्या २२ भाषांवर उभी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’ या आदिवासी भाषांच्या भाषांतर-यंत्रणेची चाचणी आवृत्ती आली. तिच्या पहिल्या भाषांत संताळी, मुंडारी आणि गोंडी यांच्या जोडीला मध्य प्रदेशातली भिल्ली आहे. चोपड्याच्या डोंगराला लागूनच तो प्रदेश सुरू होतो. पण पावरी आणि अहिराणी या यादीत नाहीत.

कायद्याची चौकटही याच काळात आली. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. सरकारी लाभ आणि सेवा देण्यासाठी मात्र कायद्यात वेगळी सवलत ठेवलेली आहे. त्यामुळे खासगी शिकवणीच्या ॲपला जे विचारता येते ते अंगणवाडीच्या ॲपला विचारण्याचा मार्ग अरुंद होतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने प्रवेश आणि मूल्यमापन यांत वापरली जाणारी यंत्रे अति-जोखमीची ठरवली आणि वर्गात मुलांच्या भावना ओळखणारी यंत्रे, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंद केली.

सेविकांच्या कामाची सर्वांत ठोस दखल घेतली ती न्यायालयाने. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलम यांच्यामुळे पूर्वप्राथमिक शिक्षण हे वैधानिक कर्तव्य झाले आहे आणि ते पार पाडणारी अंगणवाडी ही आस्थापना आहे, असे न्यायालयाने धरले. मानधन हेही कायद्याच्या दृष्टीने वेतनच, असेही निकालात आले. खटला गुजरातेतल्या दाहोद जिल्ह्याचा, म्हणजे चोपड्याप्रमाणेच भिल्ली बोलणाऱ्या पट्ट्यातला. निकालाने सेविकेचे शिकवणे आणि पोषण देणे हे काम म्हणून मान्य झाले. ॲपमध्ये माहिती भरणे, यंत्राची चूक गावात निस्तरणे आणि भाषेचा आग्रह धरणे हे त्या कामात कसे मोजायचे, याची सूत्रे अद्याप कोणत्याही शासन निर्णयात आलेली दिसत नाहीत.